पाचव्या अध्यायातले काजवे

"गाठ नीट बांधलीस ना?" बाबाने पुन्हा विचारलं.

पोथ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "नीट बांधली, पण सुटेल अशीच बांधली. ऐन वेळी काय गावकरांकडे कोयती मागू?"

एरवी असल्या बोलण्यावर तो हसायचा. त्या दुपारी हसला नाही. खारवलीच्या गावकरांचं, म्हणजे गावच्या मानकऱ्यांचं, खळं सारवून लख्ख केलं होतं, वर झावळ्यांचा मांडव होता आणि झावळ्यांमधून ऊन असं ठिपक्याठिपक्यांनी खाली येत होतं की माणसांची तोंडं धड दिसत नव्हती. मध्येच पावसाची एखादी सर येऊन जायची, पुन्हा ऊन पडायचं. सकाळी घरोघर गौरी आल्या होत्या. बायका न्हाऊन, गजरे माळून मांडवाच्या एका अंगाला बसल्या होत्या, आणि बाबा त्या बाजूला एकदाही बघत नव्हता.

न बघायला कारण होतं. खारवली हे माझ्या आईचं माहेर.

आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. तिला ताप भरला, तेव्हा बाबा डोंगरापलीकडच्या गावात बारी गायला गेला होता. निरोप्या पोचून बाबा परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खारवलीकरांनी तेव्हा तोंडावर बोलून घेतलं की बायको मरत होती आणि हा डफ बडवत होता, तिला त्या डफाचा रागच होता. त्या दिवसापासून तो खारवलीला गेला नाही, आणि खारवलीकरांनीही बोलावलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांचं बारीचं आमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं, तो सुपारी परत पाठवणार. त्याने ती उचलून कनवटीला लावली. का, ते विचारायची सोय नव्हती.

सोय नव्हती म्हणजे काय, तर आमच्या घरात बोलणंच नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं तर बाबा "मीठ दे" म्हणायचा नाही, उठून स्वतः घ्यायचा. मी मेली बोलघेवडी. एकटीच बोलायचे, भांड्यांशी, मांजराशी, चुलीशी. बाबाचं तोंड उघडायचं ते फक्त बारी जवळ आली की. मग तो मला पोथ्या वाचायला बसवायचा. हे वाच, ते वाच, इथे असं का म्हटलंय, तिथे तसं का नाही. त्या आठवड्यात आमच्या घरात दोन माणसं राहतात असं वाटायचं. बारी झाली की पुन्हा सगळं शांत.

ज्यांनी आमच्याकडची बारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन घराण्यांचे शाहीर समोरासमोर उभे राहतात, एक शक्तीवाला, एक तुरेवाला. गाण्यातून एकाने सवाल टाकायचा, गाण्यातूनच दुसऱ्याने जवाब द्यायचा. देवादिकांच्या गोष्टी, पोथ्यापुराणांतल्या गोष्टी. पण नुसता जवाब देऊन भागत नाही. समोरचा म्हणाला "पान दाखवा", की शाहिराच्या मागे बसलेल्या पोथीवाल्याने पोथी सोडायची, पान काढायचं, ओवीवर बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायची. बोट पडलं तर जवाब खरा. नाही पडलं तर बारी गेली. हरलेल्याने आपल्या डफाला बांधलेला तुरा स्वतःच्या हाताने सोडून समोरच्याला द्यायचा.

बाबा तुरेवाला. रावजी शिगवण म्हटलं की दहा गावं ओळखायची. त्याचा तुरा कधी गेला नव्हता. आमचा काका त्याचा पोथीवाला होता, पण तो मुंबईला गिरणीत लागला, आणि बाबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग राहिले मी, सातवी पास. पोरगी बारीत बसणार म्हणून पहिल्यांदा कुरकुर झाली. एका गावकराने मिटवलं. म्हणाला, ती वाचणार आहे, नाचणार नाही, बसू दे. तेव्हापासून मी बसत होते.

खारवलीला निघताना, वाटेत सड्याच्या कातळमाळावर बाबाने मला एवढंच सांगितलं होतं, "तुरा गेला तर डफ खुंटीला. हरलेल्या हाताने मी गायचो नाही."

मी वर बोलले काहीतरी, हसण्यावारी नेलं. तुऱ्याचं मला काय कौतुक? जरीचा झुपका तो. पण तो गेला की बारी बंद, बारी बंद झाली की पोथ्या बंद, आणि पोथ्या बंद झाल्या की बाबा माझ्याशी बोलणार कशाला? ते मुकं घर, त्यात तो आणि मी. हे मला नको होतं. मला दुसरं काही मागायचं नव्हतं देवाकडे.

समोर शक्तीवाले शाहीर गंगाराम पाष्टे. ठेंगणा, गोरागोमटा माणूस, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने जेवण विसरावं. बोलायलाही मिठ्ठास. मुलीकडचे लोक लग्नाच्या याद्या करायला बसल्यावर बोलतात तसा अदबीने बोलायचा आणि त्याच अदबीने माणसाला खड्ड्यात घालायचा. त्याच्यामागे त्याचा पोथीवाला, जाड चष्म्याचा, मधूनमधून माझ्याकडे बघून नाक वर करत होता. मीही केलं.

बारी सुरू झाली. पाष्ट्यांनी सवाल टाकायचे, बाबाने उचलायचे. बाबाने टाकायचे, त्यांनी उचलायचे. मी सारखी गाठोडं सोडत होते, बांधत होते. बोट पडत होतं. ऊन कलायला लागलं तसा बाबाचा आवाज खाली खाली गेला, मऊ झाला. डफ वाजत होता की दूर कुठे भरतीचं पाणी येत होतं ते कळेना. मांडवातली पोरं आयांच्या मांडीवर झोपली. जागी माणसंसुद्धा झोपेत असल्यासारखी डोलत होती. मला तो बाबा फार आवडायचा. घरातला आणि हा, दोन वेगळी माणसं होती, आणि ह्याला घरी नेता आलं असतं तर मी नेलं असतं.

मग पाष्ट्यांनी तो सवाल टाकला.

आमच्या खाडीकाठची देवी तरजाई. ती पलीकडून होडीत बसून आली आणि अलीकडच्या गावांची आई झाली, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तिच्या माहात्म्याची पोथी दोन्हीकडच्या शाहिरांकडे होती, हाताने नकललेली. पाष्टे गायले की आई निघाली तेव्हा काळोखी रात्र, होडीत दिवा नाही, काठ दिसत नाही, मग होडीला वाट कुणी दाखवली, सांग रे तुरेवाल्या.

सवाल सोपा होता. मला उत्तर ठाऊक होतं. पाचवा अध्याय मी इतक्यांदा वाचला होता की मिटल्या डोळ्यांनी म्हटला असता. मी निवांत बसले.

बाबाने डफावर हात ठेवला. मग डोळे मिटून गायला:

*आई गं तरजाई आली खाडीच्या पाण्यावरी*
*काजव्यांनी दिवे दिले कांदळाच्या पानावरी*

मांडव हलला. म्हणजे खरंच माणसं हलली. खाडीकाठची कांदळाची झाडं सगळ्यांनी पाहिलेली, त्यांच्यावर लुकलुकणारे काजवेही पाहिलेले. त्या उजेडात देवीची होडी येते आहे, हे सगळ्यांना एकदम दिसलं. कुणीतरी "वा शाहीर" म्हटलं. बायकांच्या बाजूला काहीतरी कुजबूज झाली.

मी मात्र बसल्या जागी गार पडले. पाचव्या अध्यायात काजवे नव्हते. कुठल्याच अध्यायात नव्हते.

"सुरेख," पाष्टे म्हणाले. "कुठली म्हणायची ही ओवी?"

"माहात्म्यातली," बाबा म्हणाला. "पाचवा अध्याय."

"मग पान दाखवा, शाहीर."

बाबाने मागे हात केला. नेहमी करायचा तसाच, न बघता. तो हात म्हणजे, काढ पोरी, असा. मी गाठ सोडली. पाचव्या अध्यायाचं पान काढलं.

त्या पानाला कधीकाळी पाणी लागलं होतं. अक्षरं फिकी पडून पसरली होती. माझ्या डोळ्यांना सवय, म्हणून मला लागायची. परक्याला ते पान म्हणजे नुसतं धुकं. पाष्ट्यांचा चष्मेवाला उठून आला, वाकला, चष्मा पुसला, परत वाकला. त्याला काही लागलं नाही. त्याने आपली पोथी आणून तिच्यातलं पान काढलं. त्यात चंद्र होता. पण हाताने नकललेल्या पोथ्या. एकीत असतं ते दुसरीत नसतं, हे सगळे मानायचे. "आमच्या प्रतीत आहे" म्हटलं आणि पोथीवाल्याने बोट ठेवून वाचलं की पंच ऐकून घ्यायचे. मागे असं झालंही होतं.

चष्मेवाला म्हणाला, "मला हे वाचवत नाही. हिलाच वाचू दे."

म्हणजे सगळं माझ्या तोंडावर आलं. दोन ओळी तर होत्या. आत्ताच ऐकलेल्या. त्या पसरलेल्या शाईवर बोट ठेवायचं आणि म्हणायच्या. कुणाच्या बापाला कळलं नसतं. माझ्या बापालासुद्धा नाही, त्याला तर त्या तिथे आहेतच असं वाटत होतं.

मी बोट ठेवलं. बाबाकडे बघितलं. त्याची मान माझ्याकडे वळली होती, डोळ्यांत तो पांढरट पडदा, आणि चेहऱ्यावर इतका भरवसा की मला रडू आलं. ह्याच माणसाने मला वाचायला बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतं की जे पानावर आहे तेच तोंडात आलं पाहिजे, एकदा बोट खोटं पडलं की आधी वाचलेलंही सगळं खोटं. मी तेव्हा जांभई दिली होती. त्या क्षणी मात्र तेच शब्द आठवले. खोटं वाचलं तर तुरा राहतो, घर बोलतं राहतं. पण मग उद्यापासून तो माझ्याशी जे बोलेल ते कशाच्या जिवावर? मीच फसवलेल्या माणसाच्या गप्पा मी ऐकत बसणार होते का?

मी वाचलं. जे होतं ते वाचलं.

*तंव पूर्वेस उगवला निशाकर । जळीं पसरला रुपेरी पदर ।*
*नौका पावली पैलतीर । जगदंबेची ॥*

चष्मेवाल्याने आपली पोथी मिटली.

"काजवे?" बाबाने हळूच विचारलं.

"नाहीत, बाबा."

"नीट बघ. चंद्राच्या आधी असतील."

"आधी वारा आहे. काजवे नाहीत."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळला. स्वतःच्या घरात वाट चुकलेल्या माणसासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "असं कसं? मला ती ओवी पाठ आहे. किती वर्षं पाठ आहे."

पाष्टे जवळ आले. आता गाण्यात नाही, साध्या आवाजात बोलले. "शाहीर, एक विचारतो. ती ओवी तुम्ही वाचलीय, का ऐकलीय?"

डफ बाबाच्या हातात लोंबत होता. मांडवाबाहेर सर येऊन थांबली, झावळ्यांतून पाणी ठिबकायला लागलं.

"ऐकलीय," तो म्हणाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पहाटेची. मी निजलेला असायचो."

तेव्हा बायकांच्या बाजूने आवाज आला. बारीत बायकांनी बोलायची पद्धत नव्हती, पण भिकीमावशीला पद्धत शिकवणार कोण? आईची थोरली बहीण ती, त्याच वाडीत दिलेली, उंच, हाडापेराने मजबूत. आई गेली तेव्हा बाबाला सगळ्यात जास्त बोलली होती तीही हीच.

"त्या पोरीला कशाला छळता?" ती म्हणाली. "पोथीत कुठून सापडणार? आमच्या आनशीची ओवी आहे ती. जात्यावरची."

आनशी म्हणजे माझी आई. ते नाव मी मोठ्याने उच्चारलेलं कित्येक वर्षांनी ऐकत होते.

नंतर बाबाने मला तुटक तुटक सांगितलं ते असं. लग्न झालं त्या वर्षांत तो बाऱ्या करून पहाटे पहाटे घरी यायचा आणि पडवीत आडवा व्हायचा. आई तेव्हा दळायला बसायची. जात्याची घरघर आणि तिचा आवाज, दोन्ही त्याच्या झोपेत यायचं. जागा झाला की काही आठवायचं नाही. पुढे दिवसभर तो पोथ्या पाठ करायचा, त्या एकावर एक बसत गेल्या, आणि झोपेत ऐकलेली ती ओवी त्यांच्यात कधी जाऊन बसली ते त्यालाही कळलं नाही. पोथीतल्या ओवीची चाल वेगळी, जात्यावरच्या ओवीची वेगळी. असल्या गोष्टी तो मला शिकवायचा. पण ही मात्र त्याला पोथीतलीच वाटली. त्याला ती देवाची वाटली.

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. गावकर घसा साफ करून म्हणाले, पान नाही तर बारी नाही, त्याला इलाज नाही. ते पुढे काही बोलायच्या आत बाबाने तुऱ्याची गाठ सोडली होती. पाष्ट्यांनी दोन्ही हात पुढे केले. तुरा कपाळाला लावला आणि आपल्या पेटीत ठेवला. माझा जळफळाट झाला. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तरी हा माणूस तुरा परत देईल. पण तो दोन्ही शाहिरांचा नियम होता, आणि बाबाने तो परत घेतलाही नसता. पाष्टे एवढंच म्हणाले की बारी माझी, पण चंद्रापेक्षा काजवे चांगले होते. आणि डफ गुंडाळून गेले.

माणसं उठायला लागली. मी गाठोडं बांधत होते आणि मनात म्हणत होते, झालं सुगंधे, तूच केलंस, आता बस आयुष्यभर चुलीशी बोलत. तेवढ्यात बघते तर बाबा बायकांच्या बाजूला निघाला होता. हातात बिनतुऱ्याचा डफ. बायकांनी पदर सावरून वाट दिली. तो मावशीसमोर जाऊन उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "ती माझ्या डफावर चिडायची ना?"

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. सगळ्या गावासमोर."

"ते मी बोलले," मावशी म्हणाली. "माझी बहीण गेली होती, मी बोलणार नाही तर काय आरती करणार तुझी? पण तिनं म्हटलं कधी? दाखव मला. कधी, कुठं म्हटलं?"

तुरा बांधलेला असायचा तिथे बाबाने डफ चाचपला.

"नाही ना दाखवता येत? इतकी वर्षं ते उराशी धरून बसलास, आणि बोट ठेवायला जागा नाही तुला. आता मी काय दाखवते ते ऐक. गौरीला माहेरी आली की ती इथं माझ्यासमोर दळायला बसायची. एकाच खुंट्यावर एक हात तिचा, एक माझा. तू अर्धीच ऐकलीस, झोपाळू मेल्या. पुढं आहे ती."

आणि सगळ्या बायकांच्या मध्ये, भर दिवसा, जातं नाही काही नाही, मावशी गायला लागली. म्हातारा आवाज, चिरलेला. दुसऱ्या ओळीला आणखी दोघीतिघी तिच्यात मिसळल्या. त्यांनाही ती येत होती.

*काजवे गं विझून गेले, होडी मधीच थांबली*
*शाहिराच्या डफावरी आई कडेला लागली*

पाष्ट्यांचा सवाल तोच होता ना? होडीला वाट कुणी दाखवली? पोथी म्हणत होती चंद्राने. बाबा म्हणत होता काजव्यांनी. आणि माझ्या आईने तिसरंच म्हणून ठेवलं होतं. सगळे दिवे विझल्यावर देवीची होडी ज्याच्या डफाच्या आवाजावर काठाला लागली, तो माणूस माझ्या आईच्या पडवीत घोरत पडला होता.

"ह्यात राग दिसतो का तुला?" मावशीने विचारलं. "शाहीर आहेस ना? सांग, कुठल्या शब्दात दिसतो?"

बाबा मटकन खाली बसला. चिखल होता तिथे, त्याला भान नव्हतं. डफ छातीशी धरून तो रडला. लहान पोरासारखा, आवाज काढून. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. मी शेजारी जाऊन बसले. मला, आणि बोलायला सुचेना. मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही रडायला लागली. म्हणाली, चुकलं माझं रावजी, मी तुला ही तेव्हाच ऐकवायला हवी होती.

त्या रात्री आम्ही मावशीकडे राहिलो. मावशीने सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी गौरीचा सण. नैवेद्याच्या घावन-घाटल्याला गिरणीचं पीठ आमच्याकडे चालत नाही, घरच्या जात्यावरचंच लागतं. त्यामुळे फटफटायच्या आधीच वाडीतल्या चार बायका मावशीच्या माजघरात जमल्या. मला जाग आली ती घरघरीने. सगळीकडे धूसर होतं, चुलीचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं, त्यात बायकांचे नुसते आकार. मी उठून खुंट्याला हात लावला. माजघराच्या दारापलीकडे, पडवीत, भिंतीला टेकून बाबा बसला होता. जागा होता. मी बघितलं, डोळे उघडे होते.

बायका आईच्या ओव्या म्हणत होत्या. सासरच्या, माहेरच्या, माझ्या जन्माची एक होती, ती ऐकून मी तोंड फिरवलं. मग पुन्हा तरजाईची आली. पहिली झाली, दुसरी झाली. मावशीने तिसरी उचलली:

*आई गं उतरली, ओलं पाऊल पुळणीत*

आणि थांबली. "अगं बाई," ती म्हणाली, "पुढलं गेलं. पुळणीत, पुळणीत... काय होतं गं?"

कुणालाच आठवेना. एकीने काही म्हणून बघितलं, ते बसलं नाही. जातं मंदावलं. मावशी पुन्हा पहिली ओळ म्हणाली, पुन्हा तिथेच थांबली. तिच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. आनशीचं एवढं तरी राहिलं होतं, तेही गळायला लागलं की काय, अशी.

तेव्हा पडवीतून बाबा गायला. डफ नाही, शाहिरी आवाज नाही. बायका गातात तसं, जात्याच्या फेऱ्यात बसेल असं, हळू:

*मागं वळून पाहिलं, कुणी नव्हतं होडीत*

मावशीचा हात खुंट्यावर होता, माझा तिच्या हाताखाली. मग ती म्हणाली, "हां. हेच. हेच होतं," आणि जातं जोरात फिरायला लागलं. चौघींनी ती ओवी पहिल्यापासून म्हटली, दोनदा, तीनदा, पाठ होईपर्यंत.

मला कळलं होतं. आईने असली ओळ केली नसती. ती दिवे विझले तर डफ वाजवणारी बाई, होडी रिकामी कशाला करेल? काठाला लागून मागे वळून बघणारा माणूस दुसराच होता, आणि तो पडवीत बसला होता.

बाबाने परत बारी केली नाही, बोलल्याप्रमाणे. पण आमचं घर मुकं झालं नाही. तो आईबद्दल बोलायला लागला आणि मग थांबेचना. कधी कधी मीच म्हणायचे, बाबा, आता जेव. आणि दर गौरीला आम्ही खारवलीला जायचो.

काही वर्षांनी मावशीच्या घरात नवी सून आली. चुणचुणीत, शिकलेली. पहिल्याच गौरीला पहाटे तिने ती तिसरी ओवी ऐकली आणि जात्याचा खुंटा सोडून विचारलं, ही ओवी कुणाची, फार वेगळी आहे.

"आनशीची," मावशी म्हणाली.

"सगळी?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. विचार ह्या सुगंधाला, तिची लेक आहे. ती खोटं सांगायची नाही, बापाची बारी घालवलीय तिनं खरं सांगून."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. बाबा पडवीत नेहमीच्या जागी बसला होता, आता त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. पण त्याचा चेहरा माझ्याकडे वळला होता, आणि त्याने हळूच मान हलवली. हो म्हण, अशी.

"हो," मी म्हटलं. "आईचीच आहे."